तुपाची वाटी आणि अंडं

कुत्र्यानं भाकरी पळवली, तेव्हा ती कोरडी खाऊ नये म्हणून नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागं धावले, ही गोष्ट आमच्या माळकरी घरात सगळ्यांना तोंडपाठ. आमच्या खंड्याला मात्र डॉक्टरांनी तूप बंद सांगितलं. फार स्निग्ध खाणं कुत्र्याला बाधतं, स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. मग भक्तानं काय करायचं?

खंड्या रस्त्यावरचा. आणला तेव्हा पाठीचे मणके दिसत होते. दुकानदारानं लगेच अंगावर मांस चढवणाऱ्या पावडरीचा डबा पुढे केला. डॉक्टरांनी आधी शी तपासली, जंताचं औषध दिलं. मग खाणं हळूहळू वाढवायचं, रोज फिरवायचं आणि उकडलेलं अंडं द्यायचं. पावडर कितीही चारा, पाय चालल्याशिवाय स्नायू धरत नाहीत.

अंड्यावर घर अडलं. समतोल शाकाहारावर कुत्रा जगू शकतो हे खरं, पण तो समतोल नीट साधावा लागतो. वरणभातानं भागत नाही. सासूबाईंनीच विचारलं, "त्याच्या गळ्यात माळ आहे का गं?" मला ते पटलं. व्रत मी घेतलंय, त्यानं नाही. माझ्या पुण्यासाठी त्यानं उपासमार का सोसावी? पण कोंबडीही जीवच, आणि पिंजऱ्यात कोंबलेली. या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. अंडं मीच उकडते, वेगळ्या पातेल्यात. एकादशीला द्यायचं की नाही, यावर आमच्या दोघींचं अजून वाजतं.