दात तेच

पहाटे साडेचारच्या सुमारास माझ्या गालाला एक गार, ओलसर नाक लागतं. मी हलले नाही, तर नाकाच्या जागी पंजा येतो, नखं आत घेतलेला, मऊ. तरीही नाही उठले, तर ती उशाशेजारच्या कोनाड्यात चढते आणि माझा चष्मा एकेक बोट पुढे सरकवत नेते. सरकवताना नजर माझ्यावरच असते. मांजर असलेल्या घरात गजर लावावा लागत नाही. हे जनावर मुळात संधिप्रकाशात शिकार करणारं. दिवसातले बारा-चौदा तास झोपेत घालवील, पण पहाट आणि तिन्हीसांज चुकवणार नाही. ब्राह्ममुहूर्ताला उठायला माणसाला साधना करावी लागते. आमच्या शाळूला ते उपजत येतं. फक्त उठून ती जपाला बसत नाही, मला उठवते.

दोन वर्षांपूर्वी आम्ही वर्षाची ज्वारी भरायला मोंढ्यात गेलो होतो. पोत्यांच्या थप्पीमागून मूठभर पिल्लू बाहेर आलं आणि माझ्या चपलेवर बसलं. रंग थेट शाळूच्या दाण्याचा, पांढऱ्यावर किंचित पिवळसर झाक. ह्यांनी पोतं रिक्षात टाकलं, मी पिल्लू पदरात घेतलं, आणि कुंडलिका ओलांडून जुन्या जालन्यात येईपर्यंत नाव ठरूनही गेलं. त्याच महिन्यात मुलगा शिकायला पुण्याला गेला होता. शेजारणी म्हणाल्या, बरं झालं, घराला सोबत झाली. सोबत कसली, मला धरायला काहीतरी हवं होतं.

दार उघडून मी अंगण झाडते, सडा टाकते. नळाला पाणी येऊन बरेच दिवस झालेले असतील, तर नुसता शिंतोडा मारते. शाळू तेवढा वेळ पायरीवर बसून अंग चाटत असते. आधी पंजा, मग पंजाने कान, मग पाठ, शेवटी शेपटीचं टोक. संस्कृतात मांजर म्हणजे मार्जार, आणि त्याच्या मुळाशी आहे ‘मृज्’ हा धातू, म्हणजे पुसणं, स्वच्छ करणं. आपल्या सडासंमार्जनातलं मार्जन तेच. म्हणजे रोज पहाटे आमच्या दारात दोघींचं एकच काम चाललेलं असतं. माझं अर्ध्यावर असतं तेव्हा तिचं उरकलेलं असतं.

मांजर डोळे मिटून दूध पितं, असं आपण लबाडांसाठी म्हणतो. पण शाळू तृप्त असते तेव्हा डोळे मिटते, हे मी पाहिलंय. समोर बसते, माझ्याकडे बघते, पापण्या हळूहळू अर्ध्या मिटते, पुन्हा उघडते. २०२० मध्ये इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी याचाच अभ्यास केला. माणसाने मांजराकडे बघून सावकाश डोळे मिचकावले, तर मांजरही बहुधा तसंच उत्तर देतं आणि जवळ यायला जास्त राजी होतं, असं त्यांना दिसलं. ज्याला आपण पिढ्यान् पिढ्या लबाडी म्हणत आलो, तो कदाचित त्याचा नमस्कार असेल.

दुधाच्या बाबतीतही आपलं चुकतंच. मी माहेरी पाहिलं तसा तिला दूध-भाकरीचा काला घालायचे आणि तिचं पोट बिघडायचं. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात तिला पिशवीत घालून नेलं. रांगेत पुढे एक लंगडणारा बैल, मागे दोन शेळ्या, मध्ये मी. डॉक्टर हसले आणि म्हणाले, “ताई, मोठ्या मांजरांना दूध सहसा पचत नाही. आणि नुसत्या भाकरीवर तर ती जगायचीच नाही.” टॉरीन नावाचं एक द्रव्य मांजराला पुरेसं तयार करता येत नाही, ते मांसातूनच मिळावं लागतं. ते कमी पडलं तर डोळे जातात, काळीज कमजोर होतं. आमच्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही. दोन दिवस विचार करून हे बाजारातून मांजराच्या खाण्याचं पाकीट घेऊन आले आणि मागच्या ओसरीत एक वेगळी फळी ठोकली. तेव्हापासून तिथे तिचा स्वतंत्र स्वयंपाक आहे. हे अजून श्वास रोखूनच वाडगा भरतात, पण भरतात.

त्याहून मोठी चूक होता होता राहिली. एकदा तिचं अंग तापलं. काही खाईना, कपाटाखालून बाहेर येईना. आपल्या तापाची गोळी मी चतकोर मोडून पाण्यात कालवली. सहज डॉक्टरांना विचारावं म्हणून फोन लावला, तर ते जवळजवळ ओरडलेच. पॅरासिटामॉल मांजराला विष आहे. तिच्या यकृताला ते पचवता येत नाही, थोडंसंही जिवावर बेततं. मी वाटी मोरीत ओतली आणि तिथेच बसून राहिले. माझ्या हातून ती गेली असती, आणि गेली असती तीही मायेने.

मग ती गाभण राहिली. नसबंदी करायची, आज करू उद्या करू, असं म्हणण्यात आमच्याकडून उशीर झाला. मांजरीचे दिवस सुमारे नऊ आठवड्यांचे. एका रात्री तिने कपड्यांच्या कपाटात चार पिल्लं घातली. माझ्या उत्साहाला पारावार राहिला नाही. कपाटात कोंदट होईल म्हणून मी मोसंबीची एक लाकडी पेटी घासूनपुसून घेतली, आत आजेसासूबाईंची जुनी गोधडी घातली, पेटी देवघराशेजारी ठेवली आणि पिल्लं एकेक करून तीत नेऊन ठेवली. गल्लीतल्या बायका, पोरं बघून गेली. तिसऱ्या दिवशी पहाटे नाक लागलं नाही, पंजाही नाही. पेटी रिकामी होती.

मांजर पिल्लांना सात घरं फिरवतं, असं आपल्याकडे म्हणतात. मी सात सोडून सतरा घरं पालथी घातली. माळे, जिने, पाण्याची पिंपं, पडक्या वाड्याचे कोपरे. दुपारी हे पेटीपाशी उभे राहिले, वाकून वास घेतला आणि म्हणाले, “अगं, हिला मोसंबीचा वास येतोय अजून.” लिंबू, संत्रं, मोसंबी यांचा वास बहुतेक मांजरांना नकोसा असतो. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालंय, आमच्या पाहुण्यांना आम्ही मोठ्या अभिमानाने तिचा रस देतो. त्याच मोसंबीच्या पेटीत, चार दिशांनी माणसं डोकावत असताना, मी एका बाळंतिणीला ठेवलं होतं.

संध्याकाळी गल्लीच्या टोकाच्या बियाण्यांच्या गोदामाचे पहारेकरी मामा आले. “ताई, तुमची मांजर आमच्याकडं आलीय बघा. पोत्यांमागं हाय, पिल्लं घिऊन.” मी तशीच टोपली उचलून निघाले. गोदामाच्या दारात त्यांनी मला थांबवलं. “हात नका लावू. तुम्ही हलवली, की ती पुन्हा हलवंल. ऱ्हाऊ द्या हितं. आम्हाला बी उंदरांचा ताप कमीच हुईल.”

मी टोपली खाली ठेवली. अंधारात पोत्यांच्या फटीतून दोन डोळे चमकत होते. तिने जागा बरोबर निवडली होती. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको ही बियाण्यांची कंपनी सुरू केली आणि पुढे जालना बियाण्यांचं गाव म्हणून देशभर ओळखलं जाऊ लागलं. जिथे बी, तिथे उंदीर, आणि जिथे उंदीर, तिथे ही. मांजराची आणि माणसाची ओळखच मुळी धान्यापाशी झालेली. गाईबैलांना, कुत्र्यांना आपण कामाला जुंपलं. मांजर आपल्या कणगीपाशी उंदरासाठी आलं आणि त्याला सोयीचं वाटलं म्हणून राहिलं. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका माणसाच्या दफनाशेजारी, जेमतेम ४० सेंटिमीटरवर, मांजराचा सांगाडा सापडला आहे. त्या बेटावर मांजर मुळात नव्हतंच, म्हणजे कुणीतरी त्याला होडीत घालून बरोबर नेलं होतं. मायेनेच नेलं असणार. वाटेत त्याला धरून ठेवावं लागलं असेल का, हे मात्र मला त्या पोत्यांसमोर उभं राहून फार जाणून घ्यावंसं वाटलं.

त्यानंतर मी रोज सकाळी गोदामाच्या दारापर्यंत जाऊन परत यायचे. एका सकाळी ती उंदीर घेऊन बाहेर आली. मान दाताखाली, एक झटका, उंदीर निपचित. अर्ध्या तासाने तीच पुन्हा बाहेर आली, तोंडात पिल्लू. तीच मान, तेच दात. पिल्लू पाय पोटाशी घेऊन सैल लटकलं होतं, ओरडतही नव्हतं. उन्हाच्या एका कवडशात तिने त्याला ठेवलं. मानेवर साधा ओरखडा नव्हता.

आपल्याकडे भक्तीचे दोन न्याय सांगतात. रामानुजाचार्यांच्या परंपरेत पुढे वडगलै आणि तेंगलै असे दोन पंथ झाले, त्यांच्यातला हा वाद. एक मर्कटकिशोरन्याय. माकडाचं पिल्लू आईच्या पोटाला घट्ट बिलगतं, आई उड्या मारते, न सुटण्याची जबाबदारी पिल्लाची. दुसरा मार्जारकिशोरन्याय. मांजराचं पिल्लू काहीच करत नाही, आईच उचलून नेते. प्रयत्न मोठा की शरणागती, यावर पंडितांनी पिढ्या घालवल्या. आमच्या जिल्ह्याचा कौल उघडच पहिल्या बाजूला असायचा. घनसावंगी तालुक्यातल्या जांबेत १६०८ साली जन्मलेल्या समर्थ रामदासांनी यत्नाचा पुरस्कार केला आणि गावोगाव मारुती उभे केले. पण त्या सकाळी मला वाटलं, या वादात सगळ्यांनी पिल्लांचाच विचार केला. पिल्लाने धरावं की सोडून द्यावं, एवढंच. आईच्या दातांविषयी कुणी बोललं नाही. किती दाबायचं, हे त्या दातांना कसं कळतं?

आणि मग जांबेचीच दुसरी गोष्ट आठवली. परंपरा सांगते, लहानगा नारायण, म्हणजे पुढचे समर्थ, संसारात अडकावा म्हणून आईने, राणूबाईंनी, त्याला बोहल्यावर उभं केलं. ‘सावधान’ ऐकलं आणि तो पळाला. टाकळीला बारा वर्षं तप, बारा वर्षं तीर्थाटन, आणि मग आईच्या दारात. तोवर रडून रडून तिची दृष्टी गेली होती, असं सांगतात. आजवर ही गोष्ट मी नारायणाच्या बाजूने ऐकली होती. त्या दिवशी पहिल्यांदा राणूबाईंच्या बाजूने ऐकली. तिने वाईट काय चिंतलं होतं? गोधडी घातलेली पेटीच तर मांडली होती.

महिन्याभराने शाळू परत आली. एका पहाटे गालाला नाक लागलं. उठून बघते तर कपाटापाशी एक पिल्लू. ती वळून गेली, दुसरं आणलं. मग तिसरं. मी जमिनीवर बसून राहिले, जागची हलले नाही, हात पुढे केला नाही. चौथं आलं नाही. ती पुन्हा एकदा गोदामाकडे गेली आणि रिकाम्या तोंडाने परतली. मामांनी सगळी पोती हलवून पाहिली, त्यांनाही दिसलं नाही. शाळू त्या दिवशी बराच वेळ उंबऱ्यावर बसून होती. तिला मोजता येतं का, मला माहीत नाही. मला येतं.

पिल्लं मोठी झाली तशी दोन चांगल्या घरी दिली. शाळूची नसबंदी केली, रेबीजची लस टोचून घेतली. एक पिल्लू ठेवलं. तो बोका आता तिच्याएवढा झालाय. परवा तो सवयीने तिच्या कुशीत शिरायला गेला, तर तिने कान मागे पाडले, ओठ वर ओढले आणि फिस्सकन त्याच्यावर धावून गेली. मी हबकले. दात तेच. उंदराची मान त्यांनीच मोडली, पिल्लाची मान त्यांनीच अलगद धरली, आणि आता तेच दात दाखवून ती त्याला सांगत होती, जा, आता तुझं तू बघ. बोका दोन पावलं मागे सरला, जरा वेळ बसला, आणि भिंतीवर चढून पलीकडे गेला. शाळूने त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही. अंग चाटायला लागली.

मुलाला मी दिवसातून तीनदा फोन करायचे. उठलास का, जेवलास का, झोपलास का. मागच्या खेपेला तो आला होता तेव्हा हसत म्हणाला, “आई, तुझा फोन आला की मला शाळूचा पंजाच आठवतो.” मी हसण्यावारी नेलं. रात्री मात्र मोसंबीची पेटी डोळ्यांसमोर येत राहिली.

दात दाखवून जा म्हणणं मला जमायचं नाही. ती धमक मांजराची. पण तीनाचा एक फोन झालाय, आणि तोही त्याच्या सोयीने, संध्याकाळी. सकाळची ही वेळ आता मोकळी असते. अंगण झाडून होतं, सडा होतो. शाळू पायरीवर बसून माझ्याकडे बघते आणि सावकाश पापण्या मिटते. मीही मिटते. तिला उचलून मांडीवर घ्यावंसं फार वाटतं. घेत नाही.