कापलेला डबा

आमच्या भुसावळला एक मार्ग नागपूरकडे फुटतो, दुसरा इटारसीकडे. त्यामुळे डबा ‘कापणे’ म्हणजे काय हे येथे पोरासोरांनाही ठाऊक असते. पण डबा कापला म्हणून आतल्या उतारूंना कोणी फलाटावर सोडून देत नाही. त्यांच्याजवळ तिकीट असते.

केरळ ब्लास्टर्स या फुटबॉल क्लबाने २०२२ साली महिलांचा संघ काढला. (आपला सचिन तेंडुलकर २०१८ पर्यंत या क्लबात भागीदार होता.) ३ मार्च २०२३ रोजी पुरुषांचा संघ पंचांवर रुसून सामना अर्धवट टाकून निघून गेला. महासंघाने ४ कोटी रुपये दंड केला. जूनमध्ये त्या दंडाकडे बोट दाखवून क्लबाने महिलांचा संघ तात्पुरता थांबवला. मैदान सोडले कोणी आणि घरी बसले कोण!

क्लबाची बाजू नाही असे नाही. मिळवत्याचा हात आखडला की खाणाऱ्याच्या ताटात कमी पडणारच. थोरल्याच्या कर्जापायी धाकटीची शाळा सुटलेली घरे आपण सर्वांनी पाहिली आहेत. परंतु ही ‘मिळवती’ आणि ‘खाणारी’ ठरवली कोणी? १९२० साली लिव्हरपूलला डिक केर कारखान्यातल्या मुलींचा सामना पाहायला ५३ हजार माणसे लोटली होती. पुढच्याच वर्षी तिथल्या फुटबॉल संघटनेने आपल्या क्लबांची मैदाने बायकांना बंद केली. ती बंदी सुमारे ५० वर्षे टिकली.

शिवाय ब्लास्टर्सने या मुलींना आपले नाव आणि आपला पिवळा सदरा दिला होता. माझ्या मते तेच त्यांचे तिकीट. दंडाची तोशीस वाटताना आधी ज्यांनी मैदान सोडले त्यांच्याकडे पाहायचे, मग इतरांकडे.