'राइट' : एक शब्द, दोन प्रश्न

इंग्रजी भाषेंत 'राइट' हा शब्द जितका लहान तितकाच कामसू आहे. उजवा हात 'राइट', काटकोन 'राइट', गणिताचें बरोबर आलेलें उत्तर 'राइट', उचित वर्तन 'राइट' आणि कायद्यानें मिळालेला हक्कही 'राइट'च. १७८९ सालीं फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेंत राजाचे पक्षपाती अध्यक्षांच्या उजव्या हातास बसले, तेव्हांपासून राजकारणांतील एक बाजूही याच शब्दानें ओळखली जाऊं लागली. या सर्व अर्थांच्या मुळाशीं 'सरळ' ही कल्पना आहे. लॅटिनमधील 'रेक्टस' व आपला संस्कृत 'ऋजु' हे या शब्दाचे भाऊबंद होत.

यांतील बहुतेक अर्थांचा घोटाळा होत नाहीं. उजव्या हाताला कोणी काटकोन समजत नाहीं. परंतु 'उचित' आणि 'हक्क' हे दोन अर्थ एकमेकांस इतके लगटून बसले आहेत कीं, बोलणारा एकावरून दुसऱ्यावर केव्हां उतरला, हें त्याचें त्यालाही कळत नाहीं. 'हें करण्याचा मला राइट आहे' असें म्हणतांना 'हें करणें राइट आहे' अशी ग्वाही त्याच्या मनास फुकट मिळते. मराठींत येथें दोन निराळे शब्द आहेत. मौज अशी कीं, ज्या अरबी शब्दापासून आपला 'हक्क' आला, त्याचा अर्थ 'सत्य' असाही आहे. मराठींत येतांना सत्य मागें राहिलें आणि मालकी तेवढी पुढें आली.

हा केवळ कोशकारांचा वाद नव्हे. १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकरी सावकारांविरुद्ध उठले आणि त्यांनीं कर्जाचे कागद जाळले. कित्येक सावकारांच्या हातीं रीतसर रोखे होते, कोर्टाचे हुकूमनामे होते. म्हणजे हक्क होता. पण अक्षरशत्रु कुळानें न वाचतां निशाणी केलेला रोखा शेवटच्या पैपर्यंत वसूल करणें उचित होतें काय? १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणार्थ जो कायदा झाला, त्यानें न्यायाधीशास रोख्याच्या पाठीमागें जाऊन व्यवहाराचा मूळ इतिहास तपासण्याची मुभा दिली. उचिताचा प्रश्न अखेर कायद्यालाही टाळतां आला नाहीं.

यावर कोणी म्हणेल, प्रत्येक हक्क असा उचिताच्या तराजूंत घातला, तर दुर्बळाला आधार तो काय उरणार? 'हें अनुचित आहे' एवढें म्हणून बलवान मनुष्य त्याच्या मतावर किंवा झोंपडीवर घाला घालील. आम्हांस हा आक्षेप मान्य आहे, आणि म्हणूनच हक्क हवेत. परंतु हक्क दुसऱ्याचा हात अडवितो; आपल्याच मनाला गप्प बसविण्याचा अधिकार त्याला नाहीं. 'तूं मला अडवूं नकोस' इतकें हक्क सांगतो. 'मी हें करावें काय?' हा प्रश्न त्यानंतरही शिल्लक राहतो, आणि त्याचा निकाल कोणतेंही कोर्ट देत नाहीं.

आपल्या वांट्यास आलेल्या खोलींतून वृद्ध आत्येला बाहेर काढणारा पुतण्या 'हा माझा हक्क आहे' असें म्हणतो, तेव्हां तो खोटें बोलत नसेल. पण तेवढ्यावर तो थांबला, तर दुसरा प्रश्न त्यानें विचारलेलाच नाहीं. मराठीनें हे दोन शब्द निराळे ठेविले आहेत. ते बोलतांना व वागतांना निराळे ठेवणें आपल्याकडे आहे.