साठविणें हा अविश्वास आहे काय?

आपल्या खेड्यांतील मंडळ्यांत एक प्रश्न वारंवार निघतो. प्रभूनें आपल्या शिष्यांस उद्यांच्या चिंतेपासून सोडविलें. मग ख्रिस्ती मनुष्यानें पैसा साठवावा काय? कित्येक भाविक बंधु म्हणतात कीं, संदुकींत रुपये ठेवणें म्हणजे स्वर्गांतील पित्यावर भरंवसा नसणें होय. ह्या बोलण्यांत भक्ति आहे, ह्यास्तव तें हंसण्यावारी नेऊं नये. परंतु तें तपासून पाहिलें पाहिजे.

पवित्र शास्त्रांत धान्याच्या कोठारांच्या दोन गोष्टी आहेत. एका धनवानानें पीक फार आलें म्हणून मोठीं कोठारें बांधण्याचें योजिलें, आणि त्याच रात्रीं त्याचा प्राण मागण्यांत आला. योसेफानें मिसर देशांत सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पांचवा हिस्सा कोठारांत भरला, आणि देव त्याच्या बरोबर होता. कोठारें दोघांचींही, मग भेद कोठें? धनवानाच्या साऱ्या बेतांत त्याच्यावांचून दुसरा मनुष्यच नव्हता. योसेफाचीं कोठारें दुष्काळांत उघडण्याकरितांच भरलेलीं होतीं. तेव्हां दोष साठविण्यांत नाहीं. कोणासाठीं साठविलें ह्यांत आहे.

शिवाय, जो कांहींच शिल्लक ठेवीत नाहीं तो आपला भार खरोखर देवावर टाकतो काय? मुलगा आजारी पडला कीं तो सावकाराचें दार ठोठावतो. दरमहा शेंकडा 5 हा दर ऐकण्यास हलका वाटतो. पण वर्षाकाठीं 100 रुपयांवर 60 रुपये व्याज होतें. मग ऋणको रविवारींही धनकोच्या शेतावर राबतो, आणि त्याच्या तोंडासमोर खरें बोलण्यास भितो. ज्याला तो विश्वास म्हणत होता, त्यानें त्याला मनुष्याचा दास केलें.

स्कॉटलंडच्या दक्षिणेस रथवेल नांवाचें खेडें आहे. तेथील पाळक हेन्री डंकन ह्यांनीं तरुणपणीं लिव्हरपूल येथें एका पेढीवर काम केलें होतें. त्या काळच्या पेढ्या 10 पौंडांखालीं ठेव घेत नसत. मजुरानें एवढी रक्कम कोठून आणावी? म्हणून डंकनसाहेबांनीं 1810 सालीं बचतपेढी काढून 6 पेन्सांपासून ठेव घेतली व तीवर व्याज दिलें. पेटीस तीन कुलुपें होतीं, म्हणजे ती एकट्याला उघडतां येऊं नये. पहिल्या वर्षाअखेर 151 पौंड जमले. आपल्या देशांत पोस्टाची बचतपेढी 1882 सालीं सुरू झाली. तिचा लाभ खेड्यांतील मनुष्यासही घेतां येतो.

तरुणांनीं मजुरी हातीं येतांच, खर्चापूर्वीं, लहानसा भाग वेगळा काढावा. खर्चून उरेल तें ठेवूं असें म्हणणाऱ्याजवळ सहसा कांहीं उरत नाहीं. दुकानदारानें घरची थैली व दुकानाचा गल्ला एक करूं नये. 100 रुपयांचा माल 115 रुपयांस विकला, तर कमाई फार तर 15 रुपये. 100 रुपये पुढील मालाचे आहेत, आणि माल उधार आणला असेल तर ते व्यापाऱ्याचे आहेत. त्यांतून लग्नांत थाटमाट करणें हा अन्याय आहेच; पण त्यांतून दानपेटींत टाकणें हेंही दुसऱ्याच्या पैशाचें दान होय. दशांश आपल्या कमाईचा असतो.

आतां कठीण प्रसंग घ्या. बैल घेण्यासाठीं वर्षभर जमविलेले रुपये घरांत आहेत, आणि शेजाऱ्याच्या बायकोला अडलेल्या बाळंतपणांत दवाखान्यांत न्यावयाचें आहे. येथें हिशेबाची वही उत्तर देत नाहीं. पेटी उघडलीच पाहिजे. बैल पुढल्या वर्षीं येईल. परंतु हेंही ध्यानांत धरावें कीं, ज्यानें साठविलें होतें त्यालाच ती उघडतां आली. रिकाम्या हातांनीं धांवून येणाऱ्याची प्रीति खोटी नसते, पण गाडीचें भाडें तिनें चुकत नाहीं.

म्हणून उपदेशक बंधूंनीं काटकसर अवश्य शिकवावी, आणि तिजबरोबर हेंही शिकवावें कीं, साठविणारा हा धनी नव्हे, कारभारी आहे. खरा धनी कोणत्या दिवशीं, कोणाच्या रूपानें दारीं येऊन किल्ली मागेल, हें कारभाऱ्याला कळत नसतें. त्या दिवशीं पेटींत कांहीं असावें, आणि किल्ली देतांना हात आंखडूं नये, एवढीच आपली प्रार्थना असो.