‘नाही’ म्हणण्याचा अधिकार
अन्नंभट्टांच्या ‘तर्कसंग्रह’ या न्यायशास्त्राच्या ग्रंथात अभावाचे चार प्रकार आहेत: प्रागभाव, प्रध्वंसाभाव, अत्यंताभाव आणि अन्योन्याभाव. माझे वडील मुलुंडला घरी मुलांना ते शिकवायचे. मी घाटकोपरच्या लॅबमध्ये गर्भाशयमुखाच्या नमुन्यांत एचपीव्ही हा कर्करोग घडवू शकणारा विषाणू शोधते, आणि हे चारही मला कामाला येतात.

आमचं पीसीआर यंत्र विषाणूबरोबरच त्या बाईचं स्वतःचं बीटा-ग्लोबिन जनुकही शोधतं. विषाणू दिसला नाही आणि तेही दिसलं नाही, तर रिपोर्ट ‘निगेटिव’ जात नाही, ‘इनव्हॅलिड’ जातो. ब्रशवर पेशीच आल्या नसतील, किंवा रक्ताने अभिक्रिया अडवली असेल. भाट्ट मीमांसक अनुपलब्धी, म्हणजे वस्तू न दिसणं, हे ज्ञानाचं स्वतंत्र प्रमाण मानतात, पण अट घालून: वस्तू असती तर दिसलीच असती, अशी स्थिती हवी. अंधारात घडा दिसला नाही म्हणून घडा नाही, असं ठरत नाही. बीटा-ग्लोबिन दिसलं की दिवा लागलेला आहे, एवढं कळतं.

तरी अंधारे कोपरे राहतातच. अनेक किट विषाणूच्या एल१ जनुकाचा तुकडा शोधतात. विषाणूचा डीएनए पेशीच्या गुणसूत्रात घुसताना नेमका तोच भाग कधी कधी गळतो. कर्करोग घडवणारी ई६ आणि ई७ ही जनुकं मात्र टिकून राहतात. विषाणूचा प्रकार ओळखणं, म्हणजे टायपिंग, हा शुद्ध अन्योन्याभाव: प्रकार १६ म्हणजे १८ नव्हे. आमच्याकडे हे दोन वेगळे कळतात, बाकीचे बारा एकाच गठ्ठ्यात. नैयायिकांना हे चाललं नसतं.

उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाने १,३१,७४६ स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा अभ्यास केला. त्यातली एचपीव्हीची हायब्रिड कॅप्चर चाचणी प्रकार सांगत नव्हती, नमुन्यात पेशी पुरेशा आहेत का हेही पाहत नव्हती. तरी आयुष्यात एकदाच केलेल्या त्या चाचणीच्या गटात आठ वर्षांत या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले. तुलनेसाठी ठेवलेल्या, थोड्या लहान गटात ६४. हे २००९ मध्ये छापून आलं. मला ते ६४ सोडत नाहीत. त्या गटाला तपासणी कुठे मिळते याची माहिती दिली होती, तपासणी नव्हे. तिथे ‘सापडलं नाही’ असंही म्हणता येत नाही, कारण कोणी शोधलंच नव्हतं.

परवा एका काकूंनी निगेटिव रिपोर्ट हातात घेऊन हळूच विचारलं, “म्हणजे मला हा कधीच नव्हता ना?” सुनेला ऐकू जावं असंच विचारलं, असं मला वाटलं. बहुतेक संसर्ग वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातात. येऊन गेलेला (प्रध्वंसाभाव), कधीच न आलेला (अत्यंताभाव) आणि अजून यायचा असलेला (प्रागभाव), तिन्हींचा रिपोर्ट एकच येतो. यंत्राची ही उणीव मला बरी वाटते. बाईच्या मागच्या आयुष्याची चौकशी लॅबने करू नये.

“आज नाही, काकू. पाच वर्षांनी पुन्हा करून घ्या.”

“नाहीये तर पुन्हा कशाला?”

प्रागभाव समजावून सांगितला असता, पण काउंटरवर रांग होती.