फेरफार

मालवण तालुक्यातल्या आमच्या कट्टा गावच्या वाचनालयात गेल्या वर्षी पाच संगणक आले. ते एकमेकांना जोडण्याचे काम, थोडेफार कळते म्हणून, माझ्या गळ्यात पडले.

प्रत्येक यंत्राला एक आकडी पत्ता लागतो. तो वाटणारा एक सर्व्हर असतो. डीएचसीपी नावाची ही रीत १९९३ सालची. पत्ता मालकीने मिळत नाही, मुदतीने मिळतो. मुदत चोवीस तासांची असेल तर बारा तासांनीच यंत्र ती वाढवून मागते. मागितली नाही, तर मुदत सरल्यावर तोच पत्ता दुसऱ्याला जातो. माणसांच्या लक्षात मात्र आकडे राहत नाहीत, नावे राहतात. म्हणून नावांची वही सांभाळणारा दुसरा सर्व्हर, डीएनएस. पत्ता बदलला की पहिल्याने दुसऱ्याला कळवून नोंद फिरवावी, अशी सोय १९९७ पासून आहे. पण त्यासाठी दोघांत एक गुप्त किल्ली ठरवावी लागते. नाहीतर वाटेल त्याने येऊन नावे खोडावीत!

ती किल्ली द्यायची मी विसरलो. पुढे ग्रंथपालांचे यंत्र दुरुस्तीला गेले, त्याचा पत्ता मुलांच्या टेबलावरच्या यंत्राला मिळाला, आणि वहीत नाव राहिले ग्रंथपालांचेच. थकलेल्या वर्गणीची यादी त्यांच्या नावाने पाठवली, ती मुलांच्या पुढ्यात जाऊन पडली. संध्याकाळपर्यंत साऱ्या वाडीला कळले, कोणाचे किती थकले आहेत ते.

वहीने खोटे लिहिले नव्हते. काल जे खरे होते तेच ती आज सांगत होती. पण काल खरे असलेले आज न सुधारणे, याला काय म्हणावे? आणि दोष कोणाचा? जो गेला त्याचा, जो आला त्याचा, की वही राखणाऱ्याचा?

त्या रात्री मला आमचा सातबारा आठवला. वडील जाऊन नऊ वर्षे झाली, तरी त्यावर नाव त्यांचेच. १९६६ च्या जमीन महसूल संहितेप्रमाणे, ज्याला हक्क मिळाला त्याने तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचे असते. मी कळवले नाही. विसरलो, असे मी सर्वांना सांगत आलो. खरे कारण निराळे होते. १९५६ च्या वारसा कायद्याने बापाच्या मालमत्तेत मुलीचाही वाटा आहे. वारसनोंद करायची म्हणजे बहिणीचे नाव घालावे लागणार. जुनी नोंद तशीच राहिली की कोणाला काही नाकारावे लागत नाही, आणि आंबे मात्र आपल्याच घरात उतरतात!

भाऊबीजेला ती दरवर्षी येते, ओवाळते. एकदाच तिने हसत विचारले होते, "दादा, माझा नाव खंय असा?" मी तबकात ओवाळणी टाकली आणि विषय बदलला.

वाचनालयातली किल्ली मी दुसऱ्याच दिवशी बसवली. त्याला अर्धा तास लागला. दुसऱ्या वहीला नऊ वर्षे लागली. अर्ज दिला आहे: आईचे, बहिणीचे आणि माझे, अशी तीन नावे. यंदा ती ओवाळायला येईल तेव्हा त्याची एक प्रत तबकात ठेवीन. ओवाळणी म्हणून नव्हे. जे तिचेच आहे त्याची ओवाळणी कशी घालायची?