उणीव आणि भय

माणसाच्या मोठेपणाचा हिशेब त्याच्या ठायी असलेल्या गुणांवरून करावयाचा की नसलेल्या गुणांवरून, हा वाद जुना आहे. अमेरिकेतील बास्केटबॉलच्या मैदानावर तो अलीकडे नव्या रूपाने उभा राहिला आहे. ज्या तरुण खेळाडूला दुरून नेम साधत नाही, तो इतर सर्व बाबतींत कितीही निपुण असला तरी थोर होऊ शकेल काय?

१८९१ साली स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ यांनी हा खेळ रचला, तेव्हा जवळच्या आणि लांबच्या नेमाचे मोल सारखेच होते. १९७९–८० च्या हंगामापासून एन. बी. ए. या व्यावसायिक संघटनेने पावणेचोवीस फुटांवरील रेषेपलीकडून साधलेल्या नेमास तीन गुण देण्यास आरंभ केला. लांबचा नेम तोवर अलंकार होता. हळूहळू तो शस्त्र झाला. ज्याच्या नेमाचा धाक नाही, त्याच्यावरील पहारेकरी दोन पावले मागे सरतो आणि टोपलीखालची वाट अडवितो. एकाची उणीव मग उरलेल्या चौघांना भोगावी लागते.

फिलाडेल्फियाच्या संघातून खेळलेल्या बेन सिमन्स या ऑस्ट्रेलियन खेळाडूचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. २०१६ च्या निवडीत त्याला पहिला मान मिळाला, आणि २०१८ साली तो सर्वोत्तम नवोदित ठरला. उंची ६ फूट १० इंच असूनही चेंडू खेळवीत नेणे व सोबत्यांना संधी मिळवून देणे यांत त्याचा हातखंडा होता. परंतु पहिल्या दोन हंगामांच्या साखळी सामन्यांत त्याने तीन गुणांचे अवघे १७ प्रयत्न केले, आणि त्यांतला एकही साधला नाही. डिसेंबर २०१९ मध्ये प्रशिक्षक ब्रेट ब्राउन यांनी सामन्यागणिक निदान एक तरी प्रयत्न व्हावा, अशी जाहीर अपेक्षा व्यक्त केली; त्या सबंध हंगामात प्रयत्न झाले ७.

२०२१ च्या बाद फेरीत प्रतिपक्षाच्या आगळिकीबद्दल मिळणाऱ्या, कोणीही न अडविता टाकावयाच्या ७३ मुक्तफेकींपैकी त्याच्या २५ साधल्या. अटलांटाविरुद्धच्या सातव्या, निर्णायक सामन्याच्या अखेरीस तो टोपलीखाली जवळजवळ मोकळा होता. चेंडू आत घालताना कोणी धक्का दिला असता, तर पुन्हा मुक्तफेक घ्यावी लागली असती. त्याने चेंडू सोबत्याच्या हाती दिला. सामना गेला, आणि मालिकाही गेली.

त्या क्षणी त्याच्या मनात काय होते, हे तोच जाणे. पुढे पाठीच्या दुखण्यानेही त्याला ग्रासले, तेव्हा त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचा माझा मानस नाही. परंतु त्या प्रसंगातून एक गोष्ट स्पष्ट दिसते. दूरचा नेम नसणे ही मर्यादित उणीव आहे. ती लोकांपुढे उघडी पडू नये म्हणून माणूस मागे सरू लागला, की जे त्याला सहज साधते तेही त्याच्या हातून सुटू लागते.

त्याच वर्षी, अवघ्या एका महिन्याने, मिलवॉकीच्या यानिस अँटेटोकुन्पोने ५० गुण मिळवून आपल्या संघाला १९७१ नंतरचे पहिले अजिंक्यपद जिंकून दिले. त्याचाही दूरचा नेम कच्चाच होता, आणि त्या बाद फेरीत त्याच्या मुक्तफेकी शंभरांत साठांहून कमी साधत होत्या. तो फेकीला फार वेळ लावी, म्हणून परगावचे प्रेक्षक मोठ्याने सेकंद मोजून त्याची थट्टा करीत. तरीही तो फेकत राहिला, चुकत राहिला. आणि अखेरच्या सामन्यात १९ पैकी १७ फेकी त्याने साधल्या.

या थट्टेचे बळ किती असते, हे विल्ट चेंबरलेनच्या चरित्रावरून कळते. २ मार्च १९६२ रोजी त्याने एका सामन्यात १०० गुण केले. त्या दिवशी ३२ पैकी २८ मुक्तफेकी साधल्या, त्या दोन्ही हातांनी चेंडू खालून झोकून. पुढे ही रीत त्याने सोडली, आणि १९६७–६८ च्या हंगामात प्रमाण शंभरांत ३८ वर घसरले. खालून फेकताना आपण बावळट दिसतो असे वाटे, आणि ती रीत सोडणे चूकच होते, असे त्याने आत्मचरित्रात कबूल केले आहे. तो थोर होता यात शंका नाही. पण लोकलज्जेने त्याच्या थोरवीतून काही हिस्सा कापून घेतला, हेही खरे.

येथे कोणी गीतेतील स्वधर्माचा दाखला देईल. ज्याला जे साधते तेच त्याने करावे. दुसऱ्याचे कौशल्य उसने का घ्यावे? आक्षेप वजनदार आहे. शॅकिल ओनीलने साऱ्या कारकीर्दीत तीन गुणांचा एकच नेम साधला, तरी ४ अजिंक्यपदे मिळविली. टोपलीखालचे राज्य हाच त्याचा स्वधर्म होता. परंतु स्वधर्म आणि पलायन यांत अंतर आहे. मुक्तफेकी हुकतात हे सर्वांना ठाऊक असूनही ओनील टोपलीवर चालून जातच असे. अर्जुनाला स्वधर्म सांगितला गेला तो रणांगण सोडण्यासाठी खास नव्हे.

तेव्हा दूरच्या नेमावाचून थोर होता येते, असेच माझे उत्तर आहे. मात्र चारचौघांत चुकण्याची तयारी नसेल, तर ते साधणार नाही. आणि ही तयारी तरुणांकडून मागताना गॅलरीत बसणाऱ्या आपणांवरही एक जबाबदारी येते. फेक हुकल्यावर जो हसतो, त्याला पुढची फेक का झाली नाही, असे विचारण्याचा अधिकार उरत नाही.